आठ भागांचं आभाळ

"आणि तुझ्याकडे गं? तुझ्याकडे कशी आहे हवा?" म्हातारीने विचारलं, आणि अक्षता मेश्रामला उत्तर येईना.

तसा प्रश्न साधाच होता. खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर बसून ती दिवसाला साठ-सत्तर लोकांशी बोलत असे, आणि त्यातल्या निम्म्यांशी तरी बोलणं हवेवरूनच सुरू होई. इंग्लंडातल्या एका वीज कंपनीच्या गिऱ्हाइकांचे फोन इथे येत. दुपारी एकला पाळी सुरू व्हायच्या आधी टीम लीडर सौरभ प्रत्येकाच्या टेबलावर एक कागद ठेवून जायचा. स्कॉटलंडात पहाटे दव गोठलं. वेल्सच्या किनाऱ्याला जोराचा वारा, झाडं उघडी पडू लागली. उत्तरेच्या डोंगरांत दाट धुकं, दहानंतर विरळ. लंडनला ऊन, पण अंगात काहीतरी घालावंसं वाटेल इतका गारवा. 'त्यांना वाटलं पाहिजे, तू नेक्स्ट स्ट्रीटवरच बसलीयेस,' असं सौरभ सांगायचा, आणि अक्षताला ते छान जमायचं. फोनवर तिचं नाव अ‍ॅलिस होतं. अ‍ॅलिसने सप्टेंबरपासून त्या देशातला सगळा शरद पाहिला होता. पानं आधी कडेने पिवळी पडली, मग तांबडी झाली, मग एका आठवड्याच्या वाऱ्यात खाली आली. अंधार रोज थोडा थोडा अलीकडे सरकत आला. म्हाताऱ्यांनी जाड रजया बाहेर काढल्या. अक्षता स्वतः पुण्याबाहेर गेली असेल तर भंडाऱ्यापर्यंत. या मिसेस हॅलमबाई एक्याऐंशी वर्षांच्या. मीटरवरचा आकडा कळवायला त्यांनी फोन केला होता. मीटर तळघरात. मागचा आकडा धरून अंदाजाने लिहिते, असं अक्षता म्हणाली तर म्हणाल्या, "छे, अंदाजाने कशाला? मी बघून येते." बॅटरी घेऊन त्या खाली गेल्या. सहा मिनिटं लागली. जिन्यावरची पावलं, मधेच थांबणं, परत येताना लागलेला दम, सगळं अक्षताच्या कानात पडत होतं. वर येऊन त्यांनी आकडा सांगितला, खात्रीसाठी पुन्हा सांगितला. मग अक्षताने कागदावर नजर टाकून विचारलं, "आज तुमच्याकडे धुकं असेल ना?" "होतं, गेलं," म्हातारी म्हणाली, आणि जरा थांबून, अजिबात न रागावता म्हणाली, "तू ते कुठूनतरी वाचतेस ना? वाच, वाच. तू भारतातली, हो ना?" आणि मग तो प्रश्न.

आपण कुठून बोलतो ते सांगायचं नाही, हा नियम होता. पण अक्षता अडली ती नियमामुळे नव्हे. तिने मान वळवली. खिडकीची काच तपकिरी रंगाची होती, तिच्यातून बारा महिने एकच मळकी संध्याकाळ दिसायची. ती सव्वाबाराला विश्रांतवाडीत गाडीत बसली होती. गाडीच्या काचा वर, एसी सुरू, कानात गाणी. गाडीपासून दारापर्यंत अकरा-बारा पावलं. त्या पावलांत ऊन होतं की नव्हतं? आठवेना. सकाळी? सकाळचं तर काहीच आठवेना. "छान आहे," ती म्हणाली. फोन केव्हा संपला तिला कळलं नाही. सौरभ मागे येऊन उभा होता. "अक्षता, यू ओके? कॉल संपून दोन मिनिटं झाली यार." "ओके," ती म्हणाली. पुढचा फोन घेतला. पण पुढचे सगळे तास तिला एकच गोष्ट टोचत राहिली: आज सकाळी साडेआठ वाजता आपण बाबांना आभाळ चार भाग सांगितलं. चार कुठून आणले?

बाबुराव मेश्राम हवामानाच्या कचेरीत छत्तीस वर्षं नोकरीला होते. निरीक्षक म्हणून लागले तेव्हा बावीस वर्षांचे होते; मग वेरावळ, जगदलपूर, पासीघाट, आणि शेवटी पुणे. जिथे असतील तिथे सकाळी साडेआठला अंगणात जायचं. पांढऱ्या झडपांच्या पेटीचं दार उघडायचं, आतला कोरडा तापमापक वाचायचा, मलमलीची ओली वात गुंडाळलेला दुसरा वाचायचा, वारा बघायचा, आभाळ बघायचं. आभाळाचे आठ भाग कल्पायचे आणि त्यातले किती भाग ढगांनी भरलेत ते सांगायचं. मग पाच-पाच आकड्यांचे गट करून तार. त्याच मिनिटाला देशभर शेकडो माणसं अशीच अंगणात उभी असत. एकाच्या दाराशी बर्फ असे, एकाच्या पायाशी समुद्र. आणि त्या सगळ्यांच्या आकड्यांवरून पुण्यात कोणीतरी नकाशावर रेघ ओढत असे. पाऊस परतू लागला की ती रेघ रोज थोडी थोडी खाली यायची, राजस्थानातून माळव्यात, माळव्यातून विदर्भात. "मी तिकडे पासीघाटला ढग तीन म्हटलं, की इकडे ती रेघ वाकायची," बाबुराव सांगायचे. "मला कोणी विचारलं नाही, तू कोण, कुठला, कोणाचा. मी सांगितलं ते खरं." हे वाक्य ते फार वेळा म्हणायचे आणि लहानपणी अक्षताला त्याचा कंटाळा यायचा. त्याच्यामागचं तिला आईकडून, हिराबाईकडून, पुढे कधीतरी कळलं. बाबुरावांच्या बापाला वाऱ्यावरून पावसाचं कळायचं. एका शरदात, धान कापून खळ्यावर पडलेलं असताना, त्याने मालगुजाराच्या माणसांना सांगितलं, झाका, रात्रीपर्यंत येतो. माणसं हसली. धान भिजलं. आणि तू बोललास म्हणून आला, असं म्हणत मार त्याच्याच पाठीवर पडला. त्यानंतर त्याला वारा कळायचा, पण तो बोलायचा नाही. दोन वर्षांनी, छप्पन्नच्या ऑक्टोबरात, दहा वर्षांच्या बाबुरावाचा हात धरून तो नागपूरच्या त्या मैदानावर गेला आणि दीक्षा घेऊन आला. त्या दिवसाचं बाबुरावांना काय आठवायचं, तर तळपायांना लागलेली तापलेली माती आणि चहूकडे पांढरे कपडे. त्या तारखेचं नागपूरचं तापमान कचेरीतल्या जुन्या नोंदवहीत असणार. ते बघायला मात्र ते कधी गेले नाहीत. अक्षताने एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "आकडा कमी निघाला तर?"

निवृत्त झाल्यावर त्यांनी विश्रांतवाडीच्या इमारतीच्या गच्चीवर खोक्याच्या फळ्यांची तशीच पेटी केली, पांढरा रंग दिला, स्वतःच्या पैशाने दोन तापमापक आणले आणि जाड पुठ्ठ्याची वही घातली. तार करायची नव्हती, कोणी मागितलं नव्हतं. सोसायटीतले लोक जिन्यात भेटले की विचारायचे, "काय मेश्राम, आज पाऊस पाडताय की सुट्टी?" ते हसायचे आणि वर जायचे. दोन वर्षं एक सकाळ चुकली नाही. या जूनमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, नाकाला वास येईनासा झाला. कांदा खरपूस परतला तरी म्हणायचे, काय पाणी घातलंय का नुसतं. बाहेरच्या खोलीत रस्त्याचा धुरळा, म्हणून खाट आतल्या खोलीत हलवली. त्या खोलीला खिडकी नव्हती. दवाखान्यातून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने अक्षताला जवळ बोलावलं. "साडेआठला," ते म्हणाले, "तू जा."

ती जायला लागली. रात्री अकराला घरी येऊन, एकला झोपून, सकाळी सव्वाआठला डोळे चोळत दोन मजले चढून वर. खाली येऊन खाटेशेजारी बसायचं, वही मांडीवर घ्यायची. "कोरडा?" "चोवीस पूर्णांक दोन." "ओला?" "तेवीस." "वारा?" "नैर्ऋत्य." "आठातले किती?" हा शेवटचा प्रश्न विचारताना बाबुरावांचा अर्धा चेहरा हलायचा. ती सहा-सात वर्षांची असताना गच्चीवर उताणं झोपून ते हाच खेळ खेळायचे. भाकरीचे चतकोर करतात तसे आभाळाचे तुकडे करायला त्यांनी तिला शिकवलं होतं, आणि तिने पाच म्हटलं की ते वाद न घालता पाच लिहायचे. ऑगस्टच्या एकोणीस तारखेला फार पाऊस होता. ती जिन्याच्या वरच्या वळणापर्यंत गेली, दारातून आत उडणारं पाणी पाहिलं आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. चार मिनिटं डोळे मिटून घेतले. खाली येऊन कालच्या आकड्यातून अर्धा अंश वजा करून सांगितलं. बाबुरावांनी मान हलवली. इतकं सोपं होतं ते. दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता तरी ती वळणावरच थांबली. मग पहिल्या मजल्याच्या वळणावर. मग नुसती दाराबाहेर, चपलांच्या फडताळाजवळ. आकडे मात्र ती काळजीने द्यायची. सप्टेंबर सरताना तिने सकाळची हवा हळूहळू उतरवली, वारा नैर्ऋत्येकडून पश्चिमेला आणि पश्चिमेकडून वायव्येला फिरवला, ढग सातावरून पाचावर आणि पाचावरून तीनावर आणले. एकदा बाबुराव म्हणाले, "परततोय. आठवडाभर लवकर परततोय यंदा." त्यांच्या डोळ्यांत चमक होती. त्या दिवशी गाडीत बसल्याबरोबर तिने गाणी लावली होती.

मिसेस हॅलमच्या फोनच्या दुसऱ्या सकाळी ती सव्वाआठला उठली आणि कुठेही न थांबता थेट वर गेली. गच्चीचं दार उघडल्यावर आधी तिला ऊन लागलं. ऑक्टोबरचं, कोवळं दिसणारं आणि लगेच चावणारं. धानोरीच्या टेकडीवरचं गवत पार वाळून गेलं होतं. आभाळ स्वच्छ होतं. काल सांगितलेल्या चारातला एकही ढग त्यात नव्हता. मग तिला आवाज ऐकू आला, बारीक, एकसुरी, दातांत शिरणारा. पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडाचा मोबाइल टॉवर उभा होता, चार पाय गच्चीत रोवून, आणि खाली एका डब्यातून तो आवाज येत होता. तिला आठवलं, नोटीस आली होती, सोसायटीला त्याचं भाडं मिळणार होतं, सह्या झाल्या होत्या. पेटी कुठे दिसेना. ती काळ्या केबलींच्या वेटोळ्यामागे सापडली. एका बाजूच्या झडपा मोडून आत गेलेल्या, कोणीतरी तिच्यात सिमेंटची रिकामी पिशवी कोंबलेली. एका तापमापकाची नुसती पट्टी उरली होती. दुसरा नव्हताच. तिने खाली वाकून पाऱ्याचा एखादा थेंब दिसतो का बघितलं. सिमेंटचे शिंतोडे वाळून टणक झाले होते, म्हणजे हे आजकालचं नव्हतं. आणि टॉवरच्या पलीकडे, दोरीवर, त्यांच्या घरातल्या दोन चादरी वाळत होत्या.

ती खाली आली तेव्हा हिराबाई ओट्याशी पोहे भिजवत होत्या. अक्षताने हळू आवाजात विचारलं, "आई, टॉवर कधी बसला?"

"घट बसले त्या आठवड्यात."

"तू रोज वर जातेस."

"कपडे काय तू वाळत घालतेस?"

"पेटी मोडलेली तू पाहिलीस. मग मी रोज काय सांगते ते..."

"काऊन, मला कान नाहीत?" हिराबाईंनी पोह्यांतलं पाणी निथळलं. "तू फडताळापाशी उभी राहते, तेही दिसते मला. त्याच्याआधी जिन्यात राहायची, तेही. तो माणूस दिवसात एकदा नीट डोळे उघडतो, साडेआठला. मी कशाला बोलू?"

त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच अक्षताला सोसेना. रागावल्या असत्या तर तीही काही बोलली असती: दहा तास कानाला फोन, झोप नाही, घर कोणाच्या पगारावर चालतं. ते सगळं खरंच होतं आणि त्यातलं काहीच इथे लागू पडत नव्हतं. तिने ठरवलं, सांगून टाकायचं. आतल्या खोलीत गेली. बाबुराव उशीला टेकून वाट बघत होते. "कोरडा?" त्यांनी विचारलं.

"बाबा, तापमापक फुटलाय. वर मोबाइलचा टॉवर बसवलाय, त्या मजुरांनी पेटी मोडली."

ते तिच्याकडे बघत राहिले. डाव्या गालाखालची शीर उडत होती. "कधी?"

"नवरात्रात." मग एका दमात, "तेव्हापासून मी अंदाजाने सांगत होते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं, आणि त्याच क्षणी कळलं, हे आपण छान बसवून सांगितलं. टॉवर नवरात्रातलाच होता. मजुरांनीच पेटी मोडली होती. वाक्यातली प्रत्येक गोष्ट खरी होती. दारात हिराबाई उभ्या होत्या, हातात पोह्यांचं पातेलं.

"त्याआधी?" बाबुरावांनी विचारलं. "वर जात होतीस?"

"हो."

"रोज?"

"हो बाबा."

त्यांनी वहीकडे बोट केलं. "काढ. रेघ मार." ज्या दिवशी निरीक्षण झालं नाही त्या रकान्यात आडवी रेघ मारायची, हा त्यांच्या कचेरीचा शिरस्ता. रिकामा रकाना ठेवायचा नाही, आकडा तर नाहीच. ते तारीख म्हणायचे, ती त्या तारखेचा आकडा खोडून रेघ मारायची. तीस सप्टेंबर. रेघ. एक ऑक्टोबर. रेघ. शब्द उच्चारायला त्यांना वेळ लागायचा, ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ यायची, ती पुसायला तिने हात पुढे केला की ते डाव्या हाताने तो बाजूला करायचे. बावीस दिवस झाले. तिने अंदाजाने परतवलेला पाऊस, उतरवलेली हवा, फिरवलेला वारा, सगळं रेघांखाली गेलं. मधे कधीतरी पोहे निवून गेले. तीस सप्टेंबरच्या वरचे आकडे तसेच राहिले, तिच्या सुबक अक्षरात, पानामागून पान. ती ते बघत होती. तेवढ्यात सांगता आलं असतं. ती वही मिटून तशीच बसून राहिली; सव्वाबाराला गाडीवाल्याचा हॉर्न वाजला आणि ती उठली.

त्या दुपारी इंग्लंडात सगळीकडे ऊन होतं. चार दिवसांनी एका सकाळी हिराबाईंनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं. "त्यांनी विचारलं," त्या म्हणाल्या. "पोरगी केव्हापासून वर गेली नाही, असं सरळ विचारलं. मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"होतं ते. ऑगस्टात तो मोठा पाऊस झाला तेव्हापासून." हिराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "विचारत नव्हते तोवर गप्प होते मी. विचारल्यावर कसं खोटं बोलू? चाळीस वर्षांत बोलले नाही."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. भिंतीकडे तोंड केलं."

बाबुरावांनी तिला एका शब्दाने बोल लावला नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या आकड्यांवर रेघा मारायलाही सांगितलं नाही, आणि तिने आपणहून वही उघडली तर म्हणाले, "राहू दे. कुठल्या कुठल्यावर मारशील?" तिने त्याच आठवड्यात बुधवार पेठेत जाऊन दोन नवे तापमापक आणले. पेटी सुताराकडून नीट करून घेतली, टॉवरपासून लांब, जिन्याच्या डोक्यावर बसवली. आता ती रोज वर जायची. साडेआठच्या आधी पाच मिनिटं, पायात चप्पल, अंगात आईचा जुना स्वेटर, कारण सकाळी आता गारठा पडू लागला होता. इतक्या काळजीने तिने आयुष्यात काही बघितलं नव्हतं. वाऱ्यासाठी बोट ओलं करायची. ढग मोजताना आधी पूर्व, मग दक्षिण, अशी आठ घरं करायची; एखादा पातळ, दुधासारखा पसरलेला ढग घरात धरावा की धरू नये यावर उभी राहून विचार करायची. खाली येऊन खाटेशी बसून सांगायची. "कोरडा सोळा पूर्णांक चार. ओला चौदा. वारा नाही. आठातले दोन." बाबुराव "हं" म्हणायचे. पूर्वी आकडा ऐकून त्यांचा डावा हात पांघरुणावर हलायचा, जणू तेच लिहिताहेत; आता तो हात पडून असायचा. साडेआठला ते डोळे उघडत नसत. ती बोलत असताना त्यांचा श्वास बदलत नसे. कधी कधी तिला वाटायचं, ओरडून सांगावं, बाबा, आजचं खरं आहे. पण खोटं सांगतानाही तिचा आवाज असाच होता, अगदी असाच, आणि तो ऐकत ते दोन महिने डोळे चमकवत पडले होते. ऑफिसात ती कागद बघून धुक्याबद्दल बोलायची आणि पलीकडचे लोक चटकन विश्वास ठेवायचे. सौरभने तिचं नाव महिन्याच्या फळ्यावर सगळ्यात वर लावलं.

नोव्हेंबरच्या मध्याला, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, एका सकाळी ती वर गेली तर भुरभुर पडत होती. आवाज नव्हता तिला, नुसती हवेत तरंगणारी ओल. टॉवरचं टोक दिसत नव्हतं. तिला एकदम आनंद झाला, लहान पोरीला होतो तसा, कारण ही सांगण्यासारखी गोष्ट होती. हे कोणी अंदाजाने सांगणार नाही. ती छत्री आणायला खाली गेली नाही. पंधरा मिनिटं तशीच भिजत उभी राहून तिने आभाळ मोजलं, एकदा, मग पुन्हा. ढग सगळीकडे होते, पण पूर्वेला, लोहगावच्या अंगाला, क्षितिजालगत एक उजळ पट्टी उघडी होती, आणि ती बारीक दिसली तरी एका घराइतकी नक्की होती. सात. धावत खाली आली. "बाबा, पाऊस पडतोय! आत्ता, नोव्हेंबरात!"

"हं," बाबुराव म्हणाले.

"खरंच बाबा." तिने त्यांचा डावा हात उचलला आणि आपल्या केसांवर ठेवला. केसांतून पाणी त्यांच्या मनगटावर उतरलं. बोटं केसांत क्षणभर हलली, चाचपली. मग त्यांनी हात काढून घेतला, पांघरुणाला पुसला, आणि एकेक शब्द सावकाश जोडत म्हणाले, "नळाचं पाणी सकाळी गारच असतं."

हिराबाई दारात आल्या होत्या, खांद्यावर ओल्या चादरी. "अहो, खरंच आहे ते," त्या म्हणाल्या. "माझं वाळत घातलेलं सगळं भिजलं."

बाबुरावांनी मान वळवली. कित्येक दिवसांनी त्यांचे डोळे पूर्ण उघडले होते, पण ते अक्षतावरून पुढे दाराकडे गेले. "पाऊस आहे?"

"आहे ना. बारीक आहे, पण आहे."

"आठातले किती?"

हिराबाई गडबडल्या. त्यांना कोणी कधी हे विचारलं नव्हतं. "मला काय कळते त्यातलं? सगळंच भरून आलंय की."

"बाबा, सात आहेत," अक्षता म्हणाली. "पूर्वेला थोडं उघडं आहे. मी दोनदा मोजलं."

त्यांनी ऐकल्यासारखं दाखवलं नाही. "सगळं म्हणजे आठ," ते हिराबाईंना म्हणाले, आणि मग कचेरीतल्या एखाद्या नव्या कारकुनाला सांगावं तसं, अक्षताकडे न बघता, वहीकडे बोट करून म्हणाले, "लिही. आठ."

अक्षताने वही मांडीवर घेतली. केसांतला एक थेंब पानावर पडला, तो तिने बाहीने टिपला. तारीख घातली. खाली आठ लिहिलं.